मागच्या दाराची काच

६ मे २०२५, मंगळवार

मी डायरी लिहिणारा माणूस नाही. नोंदी करायच्या त्या शाळेच्या रजिस्टरात, आणि त्याच करून तीस वर्षांत बोटाला घट्टा पडला आहे. पण आज जे झालं ते तारीखवार लिहून ठेवायलाच हवं. उद्या पोलिसांनी विचारलं तर हेडमास्तर असून ततपप करायला नको.

माझ्या गाडीची काच फोडली. भर दुपारी, माझ्या घरासमोर, माझ्या लिंबाखाली.

आधी क्रमाने लिहितो. सकाळपासून घरात मी आणि आई दोघंच. बायको दीपमाला भाचीच्या लग्नाला पांढरकवड्याला गेली आहे, ती परवा येईल. बाराच्या सुमारास गाडीत राहिलेली फाइल काढायला मी गाडी उघडली. मग जेवलो. एक वाजता नागोराव सर मोटारसायकल घेऊन आले. जैनथला मुख्याध्यापकांची मीटिंग होती. सुट्टीतसुद्धा आम्हाला सुट्टी नसते. फाटकातून निघताना गाडी उघडीच असल्याचं आठवलं, म्हणून तिथूनच किल्लीचं बटण दाबून लॉक केली. एकदा नव्हे, दोनदा. हे मला पक्कं आठवतं आणि गरज पडली तर शपथेवर सांगेन.

साडेचारला परत आलो तो ड्रायव्हरच्या मागच्या दाराला काच नाही. सीटवर काचेचा खच. चोरीला मात्र काहीच गेलं नाही. छत्री आहे, टॉर्च आहे, कागदपत्रं आहेत. खाली पडलेले तुकडे कोणीतरी केरसुणीने झाडून लिंबाच्या बुडाशी ढीग लावला होता. चोर कधी झाडून जातो का?

आई आत ओल्या फरशीवर तोंडावर ओला पदर घेऊन पडली होती.

"आई, गाडीची काच फोडली कोनी तरी. आवाज नाही आला तुले?"

"नाही बापा," म्हणाली, आणि भिंतीकडे वळली.

हाताच्या अंतरावर काच फुटते आणि घरातल्या माणसाला पत्ता नाही. चौऱ्याहत्तर वर्षांच्या कानांना काय बोलणार!

आणखी एक. मीटिंगमध्ये फोन मुका करून ठेवला होता. त्यावर पंढरीचे चार मिस्ड कॉल. दोनच्या आसपासचे. पंढरी म्हणजे आमच्या शाळेचा कंत्राटी अटेंडर, म्हणजे शिपाई, आमच्या समोरच राहतो. सुट्टीत ह्याचं माझ्याशी काय काम?

७ मे, बुधवार

रात्रभर डोळा लागला नाही. लोकांना वाटेल, एका काचेसाठी एवढं काय. माझ्या वडिलांनी वीस वर्षं दुसऱ्याच्या घरी सालगडी म्हणून काढली. मालकाची बैलगाडी हाकायची, पण गावात शिरताना उतरून पायी चालायचं. त्या घरात चारचाकी आली. जुनी घेतली, पण आरशासारखी ठेवली आहे. त्या गाडीवर कोणी हात टाकावा, हे माझ्या डोक्यात मावतच नाही.

सकाळी पंढरी दिसला. उजव्या हाताला फडकं गुंडाळलेलं.

"हाताले काय झालं रे?"

"लागलं सर, जरासं."

"काल चारदा फोन काऊन केला होता?"

तो खाली पाहायला लागला. "असाच केला जी," म्हणाला आणि म्हशीकडे गेला. असाच! चोराच्या मनात चांदणं, ते असं.

फोनचं कोडं आता मला सुटलं आहे. मी गावात नाही, याची तो खात्री करून घेत होता. चार वेळा उचलला नाही म्हणजे मास्तर लांब आहे, आता मोकळं रान.

यात भर म्हणून आईने आजारपण काढलं आहे. कालपासून तीनदा उलटी, अंगात ताप. चव्वेचाळीस डिग्रीत बाई डोक्यावर पदरसुद्धा न घेता कुठे फिरली असेल देव जाणे. तळहातही सुजलेत. विचारलं तर म्हणे धुणं आपटलं. मी चांगलं फैलावर घेतलं. पंढरीची बायको राहीबाई सकाळपासून आमच्याच घरात आहे. तळपायांना कांदा चोळते, मीठसाखरेचं पाणी पाजते. एवढा पुळका अचानक का, ते न कळायला मी काही दुधखुळा नाही.

९ मे, शुक्रवार

दीपमाला काल आली. तिच्या स्वाधीन आईला करून आज आदिलाबादला गेलो. काचेच्या जागी खताच्या पोत्यातलं प्लास्टिक चिकटवलं होतं. ते रस्ताभर फडफडत होतं आणि समोरून येणारा प्रत्येक जण वळून पाहत होता. लाज वाटली.

नागेश म्हणून एक काचवाला आहे बायपासजवळ. तेलुगू माणूस, आपल्याशी हिंदी बोलतो. त्याने दार उघडलं-मिटलं, तेव्हा दाराच्या पोटात खळखळ वाजलं. म्हणाला, फुटलेली अर्धी काच तिथेच उतरली आहे. दाराचं आतलं अस्तर काढून ती सगळी उपसावी लागेल, नाहीतर नवी काच वरखाली करताना ओरखडे पडतील. काच हैदराबादहून येईल, आठवडा लागेल.

"सर, ये बाहर से मारे. देखो, सब माल अंदर गिरा." मग सीटखाली हात घालून त्याने एक डबी काढली. चुन्याची. "आप खाते क्या?"

मी! ज्याने शाळेच्या भिंतीवर स्वतःच्या हाताने 'तंबाखू म्हणजे मरण' लिहिलं तो? आमच्या घरात तंबाखूचं नावही निघत नाही. गेल्या वर्षी आईच्या तोंडात पांढरा चट्टा दिसला, डॉक्टर रागावले, तेव्हा बुद्धमूर्तीसमोर तिच्याकडून मी वचन घेतलं. पन्नास वर्षांची सवय एका दिवसात सुटली. इच्छाशक्ती असावी लागते.

सीटवर तंबाखूची भुकटीही सांडली होती. त्या बाजूचा काळा जाळीचा पडदा पूर्ण ओढलेला होता. मी तो कधीच ओढत नाही. म्हणजे माणूस आत शिरला, पडदा लावला आणि निवांत बसून तंबाखू मळली! एवढा निगरगट्टपणा मी जन्मात पाहिला नाही.

पंढरी तंबाखू खातो. सगळ्या गावाला माहीत आहे.

१२ मे, सोमवार. बुद्ध पौर्णिमा

आज जे ऐकलं त्याने अजून कान गरम आहेत.

संध्याकाळी विहारात वंदना झाली, खीर वाटायची होती. दरवर्षीप्रमाणे मी चार शब्द बोललो. खोटं न बोलण्याच्या शीलावर बोललो. आणि बोलता बोलता माझ्याच तोंडून निघालं की ज्याने माझ्या गाडीची काच फोडली त्याने तथागतांसमोर कबूल करावं, मी माफ करीन. मनात पंढरी होता, पण नाव घेतलं नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी देणारा मी नव्हे.

पंढरी मागे खांबाशी बसला होता. उठला.

"मीच फोडली, सर."

लहान मुलं खिरीचे वाडगे धरून तशीच थांबली.

"काऊन फोडली?"

"ते नका इचारू."

"कसं नाही इचारू? माही गाडी हाय. चोरी कराची होती का?"

"चोरी नाही केली. फोडली, हे खरं. काऊन, ते नाही सांगत." आणि वाडगा खाली ठेवून निघून गेला.

कबुली मिळेल ही आशा होती, पण ती अशी, पाठीच्या कण्यासकट उभी राहून येईल असं वाटलं नव्हतं. ना डोळ्यांत पाणी, ना हात जोडणं. सोळा वर्षं ह्याला मी सांभाळून घेतलं.

आई पुढच्या रांगेत बसली होती. अंगात ताकद नसताना हट्टाने आली होती. पंढरी उठला तशी तीही अर्धी उठली, मग राहीबाईने तिचा हात धरून खाली बसवलं. घरी आल्यावर म्हणाली, "तू माफ करीन म्हनला होता."

"कारन सांगतलं असतं तं केलं असतं."

तिने खीर खाल्ली नाही.

१४ मे, बुधवार

पत्र दिलं. पंढरीचा करार दरवर्षी जूनमध्ये नवा होतो आणि तो माझ्या शिफारशीवर होतो. मंडळाच्या, म्हणजे आमच्या तेलंगणातल्या तालुक्याच्या, शिक्षणाधिकाऱ्यांना जैनथला लिहिलं की सदर इसमाने मुख्याध्यापकाच्या वाहनाची काच फोडल्याचं सर्वांसमोर कबूल केलं असून कारण सांगण्यास नकार दिला आहे, सबब यंदा दुसरा माणूस द्यावा. अधिकारी साहेबांनी ठेवून घेतलं.

येताना मन हलकं व्हायला हवं होतं, झालं नाही. त्याची दोन मुलं माझ्याच शाळेत आहेत. मोठी गणितात हुशार. पण नियम म्हणजे नियम. आज काच फोडली, उद्या कपाट फोडेल.

१७ मे, शनिवार

काच बसली!

नागेशच्या दुकानात दोन तास स्टुलावर बसून पाहिलं. आधी त्याने दाराचं अस्तर उचकटून काढलं, मशीनने आतले तुकडे ओढून घेतले. सुपलीभर निघाले. त्यात त्याला हिरव्या बांगडीचे दोन तुकडे सापडले. "मॅडम के होंगे," म्हणून त्याने ते माझ्या हातावर ठेवले. दीपमाला हिरव्या घालत नाही. राहीबाई घालते का ते पाहिलं पाहिजे. म्हणजे नवरा-बायको दोघंही सामील!

मग त्याने नवी काच वरून रबराच्या खाचेत तिरपी उतरवली, खाली पट्टीला बोल्ट आवळले, चारदा वरखाली करून पाहिली. लोण्यातून सुरी जावी तशी सरकते. शेवटी आत बसून दार उघडायला गेला तर उघडेना.

"सर, इसका चाइल्ड लॉक लगा है."

"मीच लावलं आहे," मी सांगितलं. दिवाळीत बहिणीच्या नातवाने चालत्या गाडीत दार उघडलं होतं, तेव्हापासून दोन्ही मागची दारं तशीच ठेवली आहेत.

"देखो सर, संभाल के. बाहर से बटन दबाए तो पीछे बैठा हुआ आदमी निकल नहीं सकता. शीशा भी नहीं उतरता. गर्मी के दिन हैं."

मी म्हटलं, आमच्या घरात लहान मूल नाही. हे कारागीर लोक दोन पैशांचं काम करतात आणि चार पैशांचं ज्ञान देतात.

घरी येऊन आईला म्हटलं, चल, नव्या काचेची गाडी, विहारापर्यंत चक्कर मारू. नको म्हणाली. ओट्यावरून खालीसुद्धा उतरली नाही.

२३ मे, शुक्रवार

आईचं काय चाललं आहे कळत नाही. आज तिला आदिलाबादला डॉक्टरकडे तोंड तपासायला न्यायचं होतं. गाडी दाराशी आणली, एसी लावून ठेवला, मागचं दार उघडलं. तिने आत पाहिलं आणि चौकट धरून उभीच. घामाने निथळत होती.

"आई, बस ना. टाइम होऊन राह्यला."

"मी आटोनं येतो."

मी गाडीत एकटा आणि आई मागून आटोत! लोकांनी काय म्हणावं? मी बोललो तिला, नको तेवढं बोललो. गाडी कोणासाठी घेतली, बापाने पायी चालत जन्म काढला तो कशासाठी, सगळं काढलं. तिने ऐकून घेतलं आणि आटोत बसली.

आटोच्या मागे मागे गाडी चालवताना त्या दिवशीची एक गोष्ट आठवली. पुराव्याच्या दृष्टीने महत्त्वाची आहे म्हणून लिहितो. मी फाटकातून पहिल्यांदा बटण दाबलं त्यानंतर गाडीकडून थाप वाजल्यासारखा आवाज आला होता. दार नीट लागलं नसेल असं वाटून मी वळलो आणि पुन्हा बटण दाबलं. म्हणजे पंढरी तेव्हाच गाडीच्या पलीकडे दबा धरून बसला असणार. डोळ्यांदेखत! आणि मला दिसला नाही.

२७ मे, मंगळवार

दुपारचे तीन. आई खोलीत आली, दार लोटलं आणि माझ्या खुर्चीपाशी जमिनीवर बसली. मी ही वही काढून कालचं काहीतरी लिहायला बसलो होतो.

"लिहून राह्यला का?"

"हो."

"मंग मी सांगन ते लिही. पंढरी घर सोडून चालला. नेरडीगोंड्याले ढाब्यावर भांडे घासाले. सामान बांधून राह्यले ते. आता मले गप राहता येत नाही."

तिने सांगितलं तसं लिहितो.

"त्या दिवशी गाडीत मी होती. तू जेवून राह्यला होता. गाडी उघडी होती. म्हटलं जरा बसू, चुटकीभर खाऊ. घरात तुह्या समोर खाता येत नाही. गादी मऊ, सावली हाय, कोनी पाहत नाही. लई दिवसांपासून असंच करत होती मी, दार जरासं उघडं ठेवून. पडदा लावला. तू भाईर आला तं दार ओढून घेतलं अन् खाली वाकली, दिसू नये म्हनून. गाडी वाजली. म्हटलं तू गेला का उतरू, तं दार उघडंना. मंग मी काचेवर थाप मारली. तू वळला. मले जाळीतून सारं दिसत होतं. तू गाडीकडं पाह्यलं, हात वर केला, अन् गाडी पुन्यांदा वाजली."

माझा हात थांबला.

"थांबला काऊन? लिही. मंग तू गेला. फटफटीचा आवाज आयकू येत होता तवापर्यंत हाका मारल्या. मंग दोन्ही हातांनी काच बडवली. बांगड्या फुटल्या. पुढच्या सीटवर जाऊन पाह्यलं असतं, पन गुडघा उचलंना. आंग भाजून राह्यलं होतं. मंग काच बडवाले हात बी उचलंना. मंग मले काई ठाऊक नाही. डोळे उघडले तं राहीबाई तोंडावर पानी मारून राह्यली होती."

मी म्हणालो, "काऊन नाही सांगतलं मले?" आवाज माझा वाटला नाही.

"तुले सांगून काय होत होतं? तू गाडी इकली असती अन् जनमभर सोताले खात बसला असता. लोकं म्हनले असते, मास्तरानं मायले गाडीत कोंडून मारलं असतं. पंढरीले म्या आन घातली. गुरुजीले सांगशीन तं माह्यं मेलेलं तोंड पाहशीन म्हटलं. काच तं काचच हाय, बसवता येते. मले काय मालूम तू त्याच्या पोटावर उठशीन?"

मी लिहिलं. शब्द न् शब्द लिहिलं. मग ही वही पहिल्या पानापासून वाचली. सगळं यातच आहे. माझ्याच अक्षरात. फोन, हाताचं फडकं, सुजलेले तळहात, बांगडी, थाप. माझ्याच हाताने एकेक पुरावा गोळा केला, आणि एकदाही माझ्याकडे बोट वळलं नाही. मी तीस वर्षं मुलांना शिकवतो.

आणखी लिहवत नाही.

२८ मे, बुधवार

सकाळी पंढरीच्या घरी गेलो. गाठोडी बांधून ओट्यावर ठेवली होती. मी काही बोलण्याआधीच त्याला कळलं.

"आजीनं सांगतलं वाट्टे," म्हणाला. "बसा सर."

मी बसलो नाही. त्याने स्वतःहून सांगितलं. म्हशीला पाणी पाजायला आला, तेव्हा जाळीच्या पडद्याला टेकलेला हात दिसला. चारदा फोन लावला. किल्ली माझ्या खिशात जैनथला. मग लाकडं फोडायची कुऱ्हाड आणली.

"पुढची काच फोडाची होती खरं तं. तुकडे आजीच्या आंगावर पडतीन म्हनून. पन पुढून काढाले टाइम लागला असता. आजी हालत नव्हती, सर."

हालत नव्हती. हे शब्द त्याने वाक्याच्या ओघात म्हटले आणि पुढे गेला. मी तिथेच राहिलो. तेव्हा मी मीटिंगमध्ये चहा पीत होतो. नागोराव सरांनी काहीतरी विनोद केला होता आणि मी हसलो होतो, तेही आठवतं.

मी हात जोडले. त्याने ते धरून खाली केले. "असं करू नका, लेकरं पाहून राह्यले."

"जाऊ नको. मी पत्र मांगं घेतो."

"घ्याल तं बरंच हाय," म्हणाला. "पन काय लिहाल?"

तोच तर प्रश्न आहे. घरी येऊन दोन पत्रं लिहिली. पहिलं ऑफिससाठी तेलुगूत, त्यात 'गैरसमज झाला होता, काच अज्ञात इसमाने फोडली' असं आहे. आईला अर्थ सांगितला, तिला तेच आवडलं. "तुह्यं नाव बी राह्यते, त्याचं काम बी राह्यते." दीपमालाला सगळं सांगितलं तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही. तिला विचारायची हिंमत झाली नाही.

दुसरं पत्र मराठीत, तीन ओळींचं आहे. काच पंढरीने फोडली. आत माझी आई होती. दार मी बंद केलं होतं.

खरं लिहायचं तर मला पहिलंच पत्र द्यायचं आहे. बुद्ध पौर्णिमेला खोटं न बोलण्यावर भाषण ठोकणारा हाच तो मनुष्य.

२९ मे, गुरुवार

दोन्ही पत्रं वेगवेगळ्या खिशांत घालून बसने जैनथला गेलो. गाडीला हात लावला नाही.

अधिकारी साहेब माझ्याहून वयाने लहान, तेलुगू. तीस वर्षं सरकारी नोकरीत काढून माझं तेलुगू कागदापुरतं आहे. असलं काही सांगायला ते मी कधी वापरलेलं नाही. मी पहिलं पत्र पुढे केलं. त्यांनी वाचलं, जुनं पत्र फाइलमधून काढून शेजारी ठेवलं आणि तेलुगूत म्हणाले,

"सार, इथे तुम्ही लिहिलं आहे की तो सर्वांसमोर कबूल झाला. आता म्हणता अज्ञात इसम. दोन्हींपैकी एक खोटं आहे." ते रागावले नव्हते. फक्त दोन्ही कागदांवर एकेक बोट ठेवून माझ्याकडे पाहत होते. "मी दुसऱ्या माणसाचं नाव वर पाठवायला काढलं आहे. त्याला कारण काय देऊ?"

बाहेर बाकावर चार शिक्षक बसले होते. दार उघडं. दोघे माझ्या ओळखीचे.

माझा हात दुसऱ्या खिशात गेला, पण ते पत्र मराठीत. त्यांना वाचता येणार नव्हतं. तोंडाने सांगावं लागलं. तुटक तेलुगूत सांगितलं, शब्द अडला तिथे हिंदीत सांगितलं. आई गाडीत होती. मी बाहेरून बटण दाबलं. तिने काच वाजवली, मी वळलो, पुन्हा दाबलं. पंढरीने काच फोडून तिला काढलं. मी त्याचं काम घालवलं. बाहेर बाकावरचं बोलणं बंद झालं होतं. मला वाटलं होतं की लाज वाटेल. वाटली. तिच्यासकट सांगून टाकलं.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. मग माझं चौदा तारखेचं पत्र उभं फाडलं, दोन्ही तुकडे माझ्या हातात दिले. पंढरीचं नाव पुन्हा यादीत लिहून मला दाखवलं.

मी उठलो. दाराशी पोचलो तेव्हा त्यांनी विचारलं, "अम्मागारू एला उन्नारु?" आई कशा आहेत?

"बागुन्नारु," मी म्हणालो. बऱ्या आहेत.

बाकावरच्या माणसांसमोरून चालत पायऱ्यांपर्यंत आलो आणि तिथेच थांबलो. मी खोटं बोललो होतो की खरं, हे मलाच ठाऊक नव्हतं. तेवीस दिवस झाले, आणि 'बरी आहेस का' हे मी तिला अजून एकदाही विचारलेलं नाही.